वाघ पुरे झाला, आता डुकराची कादंबरी लिहा

मा. संपादक यांना सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत रानातल्या जनावरांच्या नजरेतून सांगितलेल्या कादंबऱ्यांवर मोठा लेख होता. पेपर आमच्या गावात दुपारच्या एसटीनं येतो, आधी चहाच्या टपरीवर दहा जणांच्या हातातून फिरतो, मग मला मिळतो, तोवर राशिभविष्याच्या पानाला भज्याचं तेल लागलेलं असतं. पुरवणीला मात्र कोणी हात लावत नाही, ती कोरी करकरीत माझ्याकडं येते. तर लेख संध्याकाळी वाचला, आणि रात्री जागलीला गेलो तेव्हा मचाणीवर मोबाईलच्या टॉर्चमध्ये परत वाचला. लिहिणाऱ्यानं बरंच वाचलंय हे दिसतं. पण शेवटी ते म्हणतात की जनावराच्या डोक्यात शिरून लिहिणं ही मुळात लहान मुलांसाठीची गंमत आहे, मोठ्या माणसानं त्यात फार गुंतू नये. तिथं माझं डोकं सटकलं. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांब झालं तर कापा, तुमचा पेपर आहे, पण डुकराचा भाग कापू नका.

माझी ओळख म्हणजे एवढीच की भिवापूर तालुक्यात साडेचार एकर शेती आहे. सोयाबीन, त्यावर हरभरा, थोडी तूर, बांधाच्या आत पाव एकर मिरची, कारण भिवापूरचा माणूस मिरची लावणार नाही असं होत नाही. उमरेड-कऱ्हांडलाचं जंगल शेतापासून हाकेच्या अंतरावर. शिक्षण बारावी. गावच्या वाचनालयात जेवढं होतं ते वाचून झालं, आता मोठी पोरगी नागपूरला बी.ए. करते ती सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणते ते वाचतो, इंग्रजी असलं तर ती वाचून सांगते.

आता जागल म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागेल. जागल म्हणजे रात्रभर शेत राखणं. चार बल्ल्या रोवायच्या, वर आडव्या काठ्या आणि तणस टाकायची, झाली मचाण. हातात टॉर्च, बाजूला तेलाचा रिकामा डबा आणि ठोकायला काठी, खिशात दोन-चार फटाके. सोयाबीनच्या शेंगा भरल्या की सुरू होते ती हरभरा घरी येईपर्यंत. कारण रानडुक्कर. रोही, म्हणजे नीलगाई, पण येतात, चितळ पण येतात, पण डुकरासारखं नुकसान कोणी करत नाही, ते खाते त्याच्या दुप्पट उकरून आणि लोळून घालवते. त्यासाठी लोकांनी काय काय केलं नाही. शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या, न्हाव्याकडून केस आणून बांधावर टाकले, ज्याच्याकडं पैसे होते त्यानं तारेला जीव न घेणारा हलका झटका देणारी झटका मशीन बसवली. आमच्यातल्या एकानं तर मोबाईलवर वाघाची डरकाळी शोधून भोंग्यावर लावली. दोन रात्री डुकरं आली नाहीत, तिसऱ्या रात्री भोंग्याच्या खांबाखालीच चरून गेली.

माझे वडील मला पहिल्यांदा मचाणीवर घेऊन गेले तेव्हा मी सातवीत असेन. त्यांनी एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "डुकराले डोळे असून नसल्यासारखे, त्याचं सारं नाकात हाये. तू समोर उभा राह्यला तरी चालते, पण तुह्यावरून वारा त्याच्याकडं जाऊ देऊ नको, अन् विडीचा वास येऊ देऊ नको." ते स्वतः दिवसाला एक बंडल विडी ओढायचे, पण मचाणीवर कधी नाही. मग रात्रभर आम्ही काय करायचो, तर अंधारात पडून विचार करायचो की आता ते नाल्यात असतील, आता त्यांना आपला वास लागला का, कालच्या फटाक्यानं ते कोणत्या बाजूला वळले, आज कोणत्या बाजूनं येतील, पुढं ती म्हातारी मादी असेल का एकल्या नर असेल, कारण मादी असली तर ती आधी बांधावर थांबते, नुसतं नाक वर करून उभी राहते, आणि पिल्लं मागं गप. आता मला सांगा संपादक साहेब, हे कादंबरी लिहिणाऱ्याचंच काम आहे का नाही? दुसऱ्या जिवाच्या डोक्यात बसून तो पुढं काय करेल ते ओळखायचं. फरक एवढाच की लेखकाचं चुकलं तर कोणी तरी पुरवणीत टीका लिहितो आणि आमचं चुकलं तर हरभरा जातो. ही लहान पोरांची गंमत असेल तर असो बाप्पा.

लेखात सगळीकडं 'नजरेतून' हा शब्द आहे. मी पण वर तोच वापरला. पण माणूस डोळ्यांवर चालतो म्हणून त्याला सगळ्यांची नजरच दिसते. डुकराची गोष्ट लिहायची तर ती नाकातून लिहावी लागेल. चितळाची लिहायची तर कानातून. आणि डोळ्यातून लिहिलीच तरी आपल्या डोळ्यातून चालणार नाही. चितळाला आपल्यासारखा लाल-केशरी रंग वेगळा ओळखता येत नाही, त्याला तो हिरवट दिसतो. म्हणजे आपल्याला जो वाघ पेटल्यासारखा केशरी दिसतो तो चितळाच्या दृष्टीनं गवताच्याच रंगाचा. आता कोणी चितळाच्या बाजूनं लिहिताना 'केशरी मृत्यू झेपावला' असं लिहिलं तर समजून घ्यायचं की लेखक सफारीच्या जिप्सीत बसलेला आहे.

अस्वलाचं बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, बाया पहाटे अंधारात टोपल्या घेऊन वेचायला निघतात, आणि अस्वलही त्याच वेळेला त्याच झाडाखाली येतं कारण त्यालाही तेच पाहिजे. त्याला दूरचं नीट दिसत नाही, नाक मात्र भारी. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, आपल्या बाया टोपली डोक्यावर घेऊन. दोघी एका झाडाखाली अचानक समोरासमोर. पेपरात बातमी येते 'अस्वलाच्या हल्ल्यात महिला जखमी', आणि ती बातमी खरीच असते, मी त्या जखमा पाहिल्या आहेत, चेहरा राहत नाही. पण अस्वलाच्या बाजूनं तो प्रसंग काय असेल? साबणाचा वास, मिस्रीचा वास, आणि एकदम किंकाळी. हे लिहिलं म्हणून त्या बाईचं दुःख कमी होत नाही. उलट मला तर वाटतं दोन्ही बाजू कळल्या की जास्तीचं लागतं.

आता सशांच्या पुस्तकाबद्दल, ज्याचं लेखात एका वाक्यात नाव आहे. रिचर्ड ॲडम्सचं 'वॉटरशिप डाउन', १९७२ चं. पोरगी दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिनं मला आठ-दहा रात्री ते मराठीत सांगितलं. ॲडम्सनं ही गोष्ट आधी आपल्या पोरींना गाडीत बसल्या बसल्या सांगितली होती म्हणे, आमच्याकडं उलटं, पोरीनं बापाला सांगितली. पहिल्याच रात्री आमचं भांडण झालं. ससे बिळात राहतात, एका बिळाशेजारी दुसरं बीळ, अख्खं गाव जमिनीखाली, असं ती सांगत होती. मी म्हटलं, "थांब. ससा बिळात राह्यत नाही." ती म्हणाली, "बाबा, पुस्तकात हाये." मी म्हटलं, "पुस्तकात असंन, शेतात नाही." आपला ससा गवतात अंगापुरता खळगा करून उघड्यावर एकटा बसतो, पाय पडेपर्यंत हलत नाही. त्याची पिल्लं जन्मतात तीच अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन. मग तिनं शोधून काढलं की इंग्रजांकडं दोन वेगळे प्राणी आहेत, दोन वेगळे शब्द आहेत. बीळ करणारा वेगळा, त्याची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात, आणि आपल्यासारखा उघड्यावर बसणारा वेगळा. आपल्या मराठीत दोघांनाही ससाच. आपल्या रानात दुसरा नाहीच तर शब्द कुठून येणार. आता या पुस्तकाचा मराठी अनुवाद करणाऱ्यानं 'ससा' लिहिलं की विदर्भातला कोणताही शेतकरी पहिल्या पानाला पुस्तक खाली ठेवेल. एक तळटीप टाकावीच लागेल.

पण भांडण मिटल्यावर पुस्तक भारी निघालं. ॲडम्सनं लॉकली नावाच्या निसर्ग अभ्यासकाच्या पुस्तकातून सशांच्या सवयी घेतल्या आणि वर त्यांना स्वतःची भाषा दिली. मोटारगाडीला ते 'ह्रुदुदू' म्हणतात, इंजिनाच्या आवाजावरून. गाडीच्या उजेडात नाहीतर भीतीनं जागच्या जागी थिजून जाणं, त्याला 'थार्न' असा एक शब्दच आहे. हे ऐकल्यावर मला आमच्या रस्त्यावरचे ससे आठवले, बाईकच्या हेडलाईटमध्ये बसूनच राहतात, हॉर्न वाजवा नाहीतर ओरडा. आपल्याकडं त्याला फक्त 'मूर्ख आहे' म्हणतात. आणि त्यांना चारपर्यंतच मोजता येतं, चारच्या पुढं सगळं 'ह्रैर', म्हणजे लय. याच्यावर तर मी मचाणीवर एकटा हसलो, कारण मागच्या वर्षी नुकसानीचा पंचनामा करायला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, डुकरं किती होती? मी म्हटलं, लय होती. ते म्हणाले, लय असं कॉलममध्ये लिहिता येत नाही. शेवटी सात लिहिलं. आता ते सात कागदावर कायमचे राहिले, खरे किती होते ते डुकरालाच माहीत.

त्या सशांचं जुनं गाव माणसं घरं बांधायला घेतात म्हणून बिळात विषारी वायू सोडून मारतात. सशांना हे का झालं ते कळत नाही, फक्त झालं एवढंच कळतं. मला वाटतं सगळ्या पुस्तकात खरं म्हणजे तेवढं एकच पान पुरेसं आहे.

लेखात जर्मनमधल्या 'बांबी'बद्दल पण होतं, फेलिक्स साल्टनचं, १९२३ चं. लोक त्याला कार्टूनमधलं हरणाचं पिल्लू समजतात, पुस्तक मात्र तसं नाही. त्यात हरणं माणसाला माणूस म्हणत नाहीत, नुसतं 'तो' म्हणतात. तो आलाय. त्याचा वास येतोय. आणि त्याला तिसरा हात असतो का यावर त्यांच्यात चर्चा होते, तो तिसरा हात म्हणजे बंदूक. पोरीनं हे सांगितलं तेव्हा मी उठून बसलो. कारण आमच्या जंगलाकाठच्या गावांमध्ये म्हातारी माणसं रात्रीच्या वेळी वाघाचं नाव घेत नाहीत. ती पण 'तो'च म्हणतात. "तो नाल्यावर आलता." "काल त्यानं गोऱ्हा नेला." आमची आजी तर घरात पोरांनी वाघ शब्द काढला तरी चूप बसवायची. म्हणजे तिकडं जंगलातली हरणं माणसाला 'तो' म्हणून राहिली आणि इकडं गावातली माणसं वाघाला. ज्याची भीती त्याचं नाव नाही. हे साल्टनला व्हिएन्नात बसून कसं सुचलं कोणास ठाऊक.

आता खोटेपणाचा मुद्दा. तुमच्या पुरवणीतले लेखक म्हणतात, जनावर विचार करताना दाखवलं की ते खोटंच. हे भांडण नवं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत यावरून मोठी जुंपली होती. जॉन बरोज नावाच्या जुन्या निसर्गलेखकानं १९०३ साली मासिकात लेख लिहून जनावरांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना झोडपलं, आणि १९०७ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः त्यात उतरले. विल्यम लाँग नावाच्या एका लेखकानं लिहिलं होतं की एका पाणथळीतल्या पक्ष्याचा पाय मोडला तर तो ओल्या मातीचं प्लास्टर स्वतःच बांधून घेतो. आमच्या गावात हाडवैद्याचं घर आहे, त्यांनाही हे पटणार नाही. तर अशा थापा नकोत हे मला मान्य. पण थाप नको म्हणजे गोष्टच नको असं थोडंच? १९२७ साली इंग्लंडात हेन्री विल्यमसननं 'टार्का' नावाच्या पाणमांजरावर लिहिलं, ते माणसासारखं बोलत नाही, भाषण देत नाही, नदीत जगतं, पोहतं आणि शिकारी कुत्र्यांच्या पुढं पळतं. मोगली आपल्याला जवळचा, आमच्या वरच्या शिवनीच्या जंगलातला, पण ती काही जनावराची गोष्ट नाही, पोराचीच आहे, जनावरं तिथं मास्तर लोक आहेत.

आणि इंग्रजी कशाला, आपल्याकडं व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' आहे की. आमच्या वाचनालयातल्या प्रतीला कव्हर नाही, पाठीला चिकटपट्टी आहे, तरी वीस वर्षांत मी चारदा तरी नेलं असेल. १९८२ चं पुस्तक, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळाली. माडगूळकर माणदेशातले, पण आमच्या इकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात येऊन राहिले आणि त्यावरही पुस्तक लिहिलं. 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्या आहेत, काळ्या तोंडाच्या, आपण ज्यांना वानर म्हणतो त्या, लाल तोंडाचं माकड वेगळं. वानरांमध्ये टोळीचा मालक नर बदलला की नवीन नर अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो, कारण पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. हे सुगियामा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात धारवाडच्या जंगलात पाहून लिहिलं, नंतर अमेरिकेच्या सारा हर्डी बाईंनी माउंट अबूला वर्षानुवर्षं अभ्यास केला. आता हे माणसाच्या गोष्टीत आलं असतं तर लेखकानं पानभर रडारड केली असती. माडगूळकर गळा काढत नाहीत, शिव्याही देत नाहीत, वानर चांगलं का वाईट असला निकालच देत नाहीत. म्हणून ते खरं वाटतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, आणि नंतर कधी आमच्या गावावरून वानरांचा कळप गेला की मी आधी मादीच्या पोटाशी पिल्लू आहे का बघतो, ही सवय त्या पुस्तकानं लावली.

मारुती चितमपल्ली गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये गेले. नवेगाव, नागझिरा, मेळघाट असं आमचं अर्धं विदर्भ त्यांनी पायाखाली घातलं होतं आणि रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलण्याची माझी लायकी नाही. पण त्यांच्या पुस्तकात बघणारा माणूस असतो, तोच आपल्याला हात धरून नेतो. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे, हात सोडून द्या. त्याच्याही फार मागं जायचं तर आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या चक्रधर स्वामींची लीळा आहे, पारधी आणि कुत्री मागं लागलेला ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली लपतो आणि स्वामी त्याला वाचवतात. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीलाच ससा आहे. पण मांडीखालच्या अंधारात त्या सशाला काय वाटलं, छातीत किती धडधडलं, ते या लीळा लिहून ठेवणाऱ्या म्हाइंभटांनी लिहिलं नाही, त्यांचं लक्ष स्वामींवर. ती जागा सातशे वर्षं रिकामी आहे.

आणि रिकामी जागा दिसली की लोक वाघ आणून बसवतात. हे माझं खरं दुखणं. आमच्या उमरेड-कऱ्हांडलात 'जय' नावाचा वाघ होता, २०१३ साली नागझिऱ्याहून चालत आला, काय त्याचं कौतुक, गळ्यात माग काढणारी रेडिओ कॉलर, दिल्ली-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन. २०१६ ला तो दिसेनासा झाला तेव्हा पेपरात महिनोन्महिने बातम्या. टिपेश्वर अभयारण्यातला तो तरणा वाघ, २०१९ मध्ये निघाला आणि यवतमाळ, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, कॉलरच्या हिशोबानं ३,००० किलोमीटरच्या वर चालला. कपाशीच्या शेतांमधून, रात्री, लोकांच्या उशाजवळून. नकाशावर त्याचे ठिपके मी पाहिले आहेत, प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाव जिथं कोणाला पत्ता नव्हता. मान्य आहे, ती कादंबरी आहेच, कोणीतरी लिहीलच, मी पण वाचीन. पण वाघाच्या डोक्यात शिरायला सगळेच तयार असतात, कारण वाघ होणं कोणाला आवडणार नाही? डुक्कर व्हायला कोण तयार आहे? आपल्याकडं डुक्कर ही शिवी आहे. त्याच्यावर कविता नाही, त्याचं कॅलेंडर नाही, जिप्सीतले लोक त्याचा फोटो काढून लगेच डिलीट करतात. आणि मजा बघा, ज्या वाघाचं कौतुक चाललंय त्याचं पोट भरायला हेच डुक्कर लागतं.

ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याच्या बाजूनं लिहिणं काय अवघड. मला डुकराचा राग आहे, खरा राग, वर्षाचे वीस-पंचवीस हजार ज्यानं घालवले त्याच्याबद्दल असतो तसा. आणि तरी मला त्याचीच गोष्ट वाचायची आहे. हे असं का ते मला नीट सांगता येत नाही, पण एक प्रसंग सांगतो.

तीन-चार वर्षांमागची गोष्ट. कोणाचं शेत ते सांगत नाही. एका रात्री कुंपणाच्या तारेला करंट सोडलेला होता. हा गुन्हा आहे, त्यात माणसं पण मरतात, आमच्याकडं मेली आहेत, मी त्याचं समर्थन करत नाही. सकाळी तारेजवळ एक मोठी मादी पडलेली. तिला कुठं नेलं, काय केलं ते विचारू नका. अंगावर पट्टे असलेली तिची पिल्लं होती, पाच का सहा, ती पळाली. दुसऱ्या रात्री मी माझ्या मचाणीवर होतो, चांदणं होतं, वारा त्यांच्याकडून माझ्याकडं. दुसरी एक मादी आणि तिच्या मागं ती पट्ट्यांची पिल्लं आली. माझ्या हरभऱ्यात नाही आली. सरळ त्या जागी गेली. सगळे नाक खाली करून उभे राहिले. एक विडी ओढून होईल एवढा वेळ. मग आली तशी नाल्यात गेली. तिसऱ्या रात्री परत तेच. चौथ्या रात्री आली नाहीत.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "पोट्टे मायले शोधत असंन, दुसरं काय." माझा चुलतभाऊ म्हणाला, "काहीबाही नको सांगू, रक्त सांडलं होतं तिथं, त्याचा वास घेत असंन. डुक्कर सारंच खाते." दोघंही जन्मभर याच गावात राहिलेले, दोघांनीही डुकरं माझ्याइतकीच पाहिलेली. मी अजूनपर्यंत ठरवू शकलो नाही. बायकोचं लिहिलं तर मी तो प्लास्टरवाला लाँग होतो. भावाचं लिहिलं तर पंचनामा होतो, प्राण्याचं नाव रानडुक्कर, संख्या सात. मला असा लेखक पाहिजे जो या दोघांच्या मधल्या जागेत उभा राहून तीनशे पानं लिहील आणि मला कुठंही खोटं वाटणार नाही. त्यानं त्या मादीला विचार करू द्यावा, पण माझ्या शब्दात नको, मातीच्या ओल्या-कोरड्या वासात, लोखंडाच्या वासात, काल होता आणि आज नाही अशा वासात करू द्यावा. माझ्या आईची जुनी निळी साडी मी बांधावर बांधली होती, आईला जाऊन सहा वर्षं झाली, मला त्या साडीला आता काहीच वास येत नाही. एकदा ती मादी त्या साडीपाशी थांबून बराच वेळ हुंगत होती. तिला त्यात काय काय आलं असेल? चूल, शेण, आईच्या हातची फोडणी? हे मला त्या पुस्तकात वाचायचं आहे. त्यात मी पण असेन, बांधावरचा 'तो', हातात उजेड असलेला, डबा वाजवणारा, आणि मला चालेल मी त्यात वाईट माणूस असलो तरी.

तुमच्या लेखकांना माझा नमस्कार सांगा. त्यांना खरंच मोठ्या माणसाचं काम बघायचं असेल तर त्यांनी एक रात्र आमच्याकडं यावं, मचाण दोघांना पुरते, वहिनींच्या हातची भाकर आणि ठेचा मिळेल, फक्त सेंट लावून येऊ नये. आणि तुमच्या कार्यालयात परीक्षणाला आलेली 'सत्तांतर'ची नवी प्रत पडून असली तर आमच्या वाचनालयाला पाठवा, जुनीची शेवटची चार पानं गळाली आहेत आणि नवीन पोरं मला विचारतात की शेवट काय होतो, मी तोंडी सांगतो पण दर वेळी थोडा वेगळाच सांगितला जातो.

हरभरा घाट्यावर आलाय. आज वारा तलावाकडून आहे, म्हणजे माझ्यावरून सरळ जंगलाकडं, त्यांना माझा पत्ता आधीच लागलेला असेल. मचाण उचलून नाल्याच्या बाजूला न्यावी लागेल, उजेड आहे तोवर.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. भिवापूर, जि. नागपूर